माळ्यावरचे जहाज



वसंत व्याख्यानमालेचा प्रघात न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात पाडला, त्याला आता दीडशे वर्षे उलटून गेली. या अवधीत महाराष्ट्रातील व्यासपीठांवरून वेदान्तापासून खतांपर्यंत सर्व विषय बोलून झाले असतील. परंतु लाकडाच्या हातभर जहाजावर कोणी तासभर बोलल्याचे आमच्या तरी ऐकिवात नाही. व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी आमच्याकडे विषय मागितला तेव्हा आम्ही तो भीतभीतच सांगितला. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा डोळ्यांवर ठेवला आणि म्हणाले, "गुरुजी, विषय चालेल. फक्त हट्ट्याला समुद्र नाही, एवढी आठवण लोक करून देतील."

ती आठवण आम्हांला करून द्यावयास नको. परभणीहून मुंबई आगगाडीने साडेपाचशे किलोमीटरांच्या घरात आहे. ज्या निजामी मुलुखात आमचे वाडवडील जन्मले व वारले त्या राज्याला स्वतःचे असे एकही बंदर नव्हते. आमच्या आजोबांनी समुद्र पाहिला नाही. वडिलांनी एकदाच पाहिला, तोही चौपाटीवर उभे राहून, चपला हातात धरून. आम्ही निवृत्तीनंतर अंगणात बसून लाकडाच्या कामट्या तासू लागलो तेव्हा गल्लीत बातमी पसरली की "गुरुजी जहाज करायलेत म्हणं!" आणि संध्याकाळपर्यंत पाच-सहा मंडळी केवळ खात्री करून घेण्यासाठी येऊन गेली. एका वृद्ध शेतकऱ्याने बराच वेळ पाहून विचारले, "ह्याला पाणी कुठलं लावताव? कॅनलचं?"

प्रश्न थट्टेचा असला तरी त्याचे उत्तर आम्ही गंभीरपणे शोधले आहे. आपण गावच्या दगडी बारवेकडे बोट दाखवून यादवांचे नाव घेतो. त्या देवगिरीच्या यादवांना तरी कोठे समुद्र होता? तथापि महादेव यादवाने कोकणच्या शिलाहार सोमेश्वराचा पाठलाग केला तो पाण्यापर्यंत, आणि १२६५ च्या सुमारास सोमेश्वराचा शेवट समुद्रावर झाला. हेमाद्रीने लिहून ठेवले आहे की महादेवाच्या क्रोधाग्नीपेक्षा त्याला समुद्रातील वडवानल पत्करला. बोरिवलीजवळ एक्सर येथे वीरगळ उभे आहेत. त्यांवर वल्ह्यांच्या लांबलचक नौका एकमेकींवर चालून जाताना कोरल्या आहेत, आणि तो याच युद्धाचा देखावा असावा असे अभ्यासक मानतात. अजिंठा तर आपल्याच मराठवाड्यात. तेथील दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात पूर्ण नावाच्या सोपाऱ्याच्या व्यापाऱ्याची कथा रंगविली आहे, आणि तीत तीन डोलकाठ्यांचे जहाज आहे. डोंगराच्या पोटात बसून, समुद्रापासून इतक्या दूर, कोणा चितार्‍याने ते काढले. त्या भित्तिचित्रावरून आपल्या नौदलासाठी गोव्यात काथ्याच्या दोरीने फळ्या शिवून एक खरे जहाज बांधण्यात आले; मे २०२५ मध्ये कारवारला त्याचे 'कौंडिण्य' असे नामकरण झाले आणि २९ डिसेंबर २०२५ रोजी ते पोरबंदरहून मस्कतच्या दिशेने शिडावर निघाले. पाण्यात घालण्यापूर्वी त्याचीही लहान प्रतिकृती करून मद्रासच्या आय. आय. टी. मध्ये तिची परीक्षा झाली होती. सारांश, समुद्र नसलेल्या गावी जहाज करणे हा आमचा शोध नव्हे.

आता मूळ हकीकत. १९८७ साली आम्ही चोविसाव्या वर्षी मुंबईस गेलो आणि एका खाजगी ड्रॉइंग ऑफिसात ट्रेसर म्हणून लागलो. माझगावात ज्या चाळीत आमचे बिऱ्हाड होते, तिच्या तळमजल्यावर एक मालवणी मिस्त्री राहत. त्यांचे नाव येथे घेत नाही. त्यांना ते आवडले नसते. ते गोदीत ओतकामाचे लाकडी साचे करीत. ज्यांना हा धंदा ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो: लोखंड किंवा पितळ ओतून जी वस्तू करावयाची, ती आधी लाकडात हुबेहूब, शिवाय धातू थंड होताना जितका आकसेल तितकी मोठी, अशी करावी लागते. या कामात केसाएवढी चूक चालत नाही. दिवसभर असे काम करून हा गृहस्थ रात्री जेवण झाल्यावर दिव्याखाली जहाजांच्या प्रतिकृती करीत बसे. आम्ही आधी दारात उभे राहून पाहू लागलो, मग आत बसू लागलो, आणि एके दिवशी त्यांनी न विचारता आमच्या हातात कानस दिली.

आमची इच्छा अर्थातच आंग्र्यांची गुराब करावयाची होती. मराठी शाळेत शिकलेल्या कोणत्या मुलाची ती नसेल? मिस्त्रींनी नकार दिला. गुराबेस दोन किंवा तीन डोलकाठ्या असत, नाळ लांब पुढे निघालेली असे, गलबत तिच्याहून लहान व वल्ह्यांनीही चालणारे, एवढे सर्वांना ठाऊक आहे. इंग्रजांनी काढलेली चित्रे आहेत, वर्णने आहेत. पण ज्यावरून फळी कापता येईल असा मापाचा नकाशा नाही. आपले सुतार नकाशावरून नव्हे, डोळ्याने व दोरीने बांधीत. मिस्त्रींचे म्हणणे असे की नकाशाशिवाय केली ती प्रतिकृती नव्हे, तो देखावा. देखावा गणपतीपुढे करावा. आम्हांला तेव्हा ते फार लागले. आज अजिंठ्याच्या चित्रावरून समुद्रात जाणारे जहाज उभे राहिलेले पाहता मिस्त्री थोडे कडक होते असे वाटते. परंतु शिकाऊ माणसाला त्यांनी दिलेला सल्ला बरोबरच होता. चित्रावरून बांधण्यासाठी आधी नकाशावरून पुष्कळ बांधलेले असावे लागते.

त्यांनी निवडले ते 'त्रिंकोमाली'. हे नाव लंकेचे, जहाज ब्रिटिश आरमाराचे, पण बांधलेले मुंबईस. लवजी नसरवानजी वाडिया १७३६ साली सुरतेहून मुंबईस आले, तेव्हापासून त्या घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या मुंबईच्या गोदीत जहाजे बांधली. 'त्रिंकोमाली' जमशेटजी बमनजी वाडियांनी मलबारी सागाचे बांधले आणि १२ ऑक्टोबर १८१७ रोजी ते पाण्यात लोटले. कण्याची स्थापना झाली तेव्हा पारशी रीतीप्रमाणे चांदीचा खिळा ठोकण्यात आला होता. याची कुळकथा मोठी मौजेची आहे. मूळ आकृती 'हेबे' नावाच्या फ्रेंच जहाजाची. इंग्रजांनी ते १७८२ साली पकडले व त्यावरून स्वतःची जहाजे बेतली. त्यांचे नकाशे मुंबईस येत होते 'जावा' या जहाजातून. ते १८१२ च्या डिसेंबरात अमेरिकनांनी बुडविले. नकाशे समुद्राच्या तळाशी गेले, पुन्हा दुसरे धाडावे लागले, आणि या घोळात काही वर्षे गेली. पुढे जहाज १८१९ साली इंग्लंडात पोहोचले तोवर नेपोलियनचे युद्ध संपून गेले होते. लढावयास कोणी उरला नाही. तेव्हा त्यावर छप्पर घालून ते नुसते बांधून ठेवले, ते १८४५ पर्यंत. एवढी वर्षे उभे राहिल्यानंतर ते पहिल्यांदा खऱ्या कामगिरीवर गेले. आजही ते इंग्लंडात हार्टलपूल या गावी पाण्यावर उभे आहे. १९९० ते २००१ अशी अकरा वर्षे त्याची दुरुस्ती चालली होती.

आमच्या प्रतिकृतीचे प्रमाण ठरले एकास शहाण्णव, म्हणजे जहाजाचा एक फूट बरोबर आमच्या इंचाचा आठवा भाग. तोफांच्या मजल्याची लांबी दीडशे फूट, ती आमच्याकडे पावणेएकोणीस इंच. साडेपाच फुटी खलाशी पाऊण इंचालाही पुरा भरत नाही. नकाशा तीन बाजूंनी काढलेला असतो: बगलेने, वरून आणि समोरून. काकडीच्या चकत्या कराव्यात तसे जहाजाचे आडवे छेद समोरच्या आकृतीत एकात एक काढलेले असतात. एकेक छेद लाकडात कापावयाचा, तो कण्यावर, ज्याला कोकणी सुतार पठाण म्हणतात, काटकोनात उभा करावयाचा. अशा बावीस फासळ्या उभ्या राहिल्या की त्यांवरून पातळ कामटी नाळेपासून पाठीमागपर्यंत वाकवून पाहावयाची. कामटी सर्व फासळ्यांना सारखी टेकली तर आकार साधला. एका ठिकाणी जरी खालून उजेड दिसला तरी ती फासळी चुकली. मिस्त्री याप्रमाणे तपासत, आणि तपासलेल्या फासळीच्या आतल्या अंगास पेन्सिलीने बारीक बरोबरची खूण करीत.

श्रोतेहो, तेराव्या फासळीशी आम्ही लबाडी केली. डावीकडे कानस जास्त चालली आणि फासळी इंचाच्या सोळाव्या भागाने आत गेली. एवढेसे दिसते खरे, पण त्याला शहाण्णवाने गुणा, म्हणजे खऱ्या जहाजात अर्ध्या फुटाचा खळगा. नवी फासळी करावयास दोन रात्री लागल्या असत्या. आम्ही लाकडाचा भुसा सरसात कालवून तो खळगा भरला, वाळल्यावर घासला आणि वरून रंगाचा हात दिला. कामटी सारखी बसली. मिस्त्रींनी पाहिली, काही बोलले नाहीत. आम्ही वरून फळ्या मारीत गेलो.

१९९१ च्या जूनमध्ये वडिलांना अर्धांगाचा झटका आला. आम्ही नोकरी सोडून गावी निघालो. तेव्हा मनमाडला गाडी बदलून पुढे मीटरगेजने यावे लागे. त्या बदलाबदलीत आमची ट्रंक हमालाच्या डोक्यावर आणि जहाज आमच्या मांडीवर होते. दोन्ही बाजूंना सात-सात फळ्या लागलेल्या, डेक नाही, डोलकाठ्या नाहीत. हट्ट्याच्या घरी आल्यावर ते वडिलांच्या जुन्या धोतरात गुंडाळून माळ्यावर ठेवले. वडील सावरले की काढू, असे तेव्हा म्हणालो होतो. वडील चार वर्षांनी गेले. पुढे आम्हांला चित्रकलेच्या शिक्षकाची जागा मिळाली, लग्न झाले, मुले झाली. वेळ नव्हता असे आम्ही एकतीस वर्षे सांगत आलो आणि ते खोटे आहे. वेळ होता. पत्ते खेळावयास होता, निवडणुकीच्या गप्पा मारावयास होता. माळ्यावर चढावयास मात्र नव्हता. मिस्त्रींना पहिली दोन वर्षे पत्रे घातली. मग तीही राहिली. पुढे कोणाकडून तरी कळले की ते वारले.

२०२१ साली निवृत्त झालो. २०२२ च्या दिवाळीत घर सारवण्या-रंगवण्याच्या निमित्ताने माळा रिकामा केला आणि ते गाठोडे खाली आले. वाळवीने ट्रंकेतील पुस्तके खाल्ली होती, जहाजाला तोंड लावले नव्हते. सरसाच्या वासाने की धोतरातल्या डांबराच्या गोळ्यांनी, देव जाणे. परंतु दुसराच एक प्रकार झाला होता. सगळ्या फळ्यांच्या मधून उजेड दिसत होता. जी जोडणी आम्ही मुंबईत नख शिरणार नाही अशी घट्ट केली होती, तिच्यात आता पोस्टकार्ड शिरत होते. याचे कारण अगदी साधे आहे. लाकूड हवेतील ओल पिते आणि सोडते. ते लांबीत जवळजवळ बदलत नाही, रुंदीत मात्र फुगते व आकसते. माझगावच्या खाऱ्या, दमट हवेत बेतलेल्या फळ्या आमच्या वैशाखात येऊन पडल्या. ज्यांच्या घरी पावसाळ्यात दार लागत नाही आणि उन्हाळ्यात कडी वाजते त्यांना अधिक सांगावयास नको. नकाशाचेही तेच. अमोनिया प्रिंट फिकट होऊन गेली होती एवढेच नव्हे, तर कागद आकसला होता. पट्टी लावून पाहिली तर दीडशे फुटांत सव्वा फूट कमी. म्हणून जुन्या नकाशावर आपली पट्टी कधी लावू नये. नकाशातच जी फुटांची मोजणी छापलेली असते, तिच्यावरून कंपासाने माप उचलावे. ती कागदाबरोबरच आकसलेली असते, त्यामुळे खोटे सांगत नाही.

लाकडापेक्षा जास्त फरक आमच्यात पडला होता. चाळिशीचा चष्मा जाऊन मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली. उजव्या हाताला थोडा कंप. पहिल्या दिवशी आम्ही मोठ्या आवेशाने पटाशी हातात घेतली आणि पाच मिनिटांत अंगठा कापून घेतला. डोक्याला सगळे आठवत होते, हाताला काहीच नाही. मग एका आठवड्यानंतर उलटे झाले. रंधा कसा धरावा याचा विचार करू लागलो की तो अडे. बायकोशी बोलत बोलत चालविला की नीट चाले. मिस्त्री काम करताना सारखे मालवणीत काहीतरी पुटपुटत असत, त्याचे कारण आम्हांला साठाव्या वर्षी उमगले. जो कोणी जुना हस्तव्यवसाय पुन्हा काढू इच्छितो त्याला एवढेच सांगू की अर्धवट राहिलेल्या मोठ्या कामाला पहिल्याच दिवशी हात लावू नका. आम्ही तीन महिने नुसत्या छोट्या होड्या केल्या. शेजारची मुले त्या घेऊन गेली. दोन-तीन कालव्यात वाहून गेल्या.

मुले साहजिकच विचारतात की हे मोठे जहाज पाण्यात चालेल का. चालणार नाही, आणि न चालण्याचे कारण गणिताच्या तासाला सांगण्यासारखे आहे. लांबी शहाण्णवावा भाग झाली की शिडाचे क्षेत्रफळ होते नऊ हजार दोनशे सोळावा भाग, पण वजन होते आठ लाख चौऱ्याऐंशी हजार सातशे छत्तिसावा भाग. म्हणजे वजनाच्या मानाने शीड शहाण्णव पट मोठे ठरले. वारा काही आपल्यासाठी लहान होत नाही. तेव्हा पहिल्या झुळकेला जहाज आडवे.

आता तेरावी फासळी. डेक घातलेले नसल्यामुळे आतले सर्व दिसत होते. बॅटरी घेऊन आत पाहिले. एकतीस वर्षांत भुशाचा लगदा सुकून त्याची भुकटी झाली होती, आणि त्या जागी तीन फळ्या आत बसल्या होत्या. बाहेरून हात फिरविला तर जाणवत होते. डोळ्याला मात्र सहज दिसत नव्हते. ते पाहत असता आमचे लक्ष मिस्त्रींच्या खुणांकडे गेले. पेन्सिल फिकट झाली होती, पण होती. एक, दोन, तीन, असे करीत सर्व फासळ्या मोजल्या. एकवीस फासळ्यांवर खूण होती. तेराव्यावर नव्हती.

त्यांनी ओळखले होते की केवळ खूण करावयाची राहून गेली, हे आता विचारावे कोणाला? ओळखले असेल तर बोलले का नाहीत? आमच्या हाताने आम्हीच काढू अशी वाट पाहिली असेल. किंवा दिवसभराच्या कामाने थकले असतील आणि या पोराशी कोण वाद घालील असे वाटले असेल. आम्ही दोन्ही बाजूंनी विचार करून पाहिला आहे, आणि दर वेळी वेगळा निकाल निघतो.

फासळी बदलावयाची म्हणजे त्या बाजूच्या सातही फळ्या उतरविणे आले. त्यात त्या तुटण्याचा संभव. एकतीस वर्षांपूर्वीच्या हाताने बसविलेल्या फळ्या. तसा हात आता आमच्याजवळ नाही. हट्ट्यात, वसमतेत, फार काय परभणीतही ही चूक ओळखणारा माणूस नव्हता. आम्ही महिनाभर काहीच केले नाही. एका रात्री सौभाग्यवतींनी विचारले,

"बाहेरून दिसतं का ते?"

"नाही."

"मग राहू द्या की."

"तेच म्हणतो."

"म्हणता खरं. पण रोज रात्री बॅटरी घेऊन आत कशाला बघता?"

दुसऱ्या दिवशी पाणी गरम करावयास ठेवले. येथे मिस्त्रींची एक गोष्ट सांगितली पाहिजे. त्या काळी बाजारात पांढरा डिंक सर्रास मिळत होता, पण ते सरसच वापरीत. आम्ही एकदा कारण विचारले तेव्हा म्हणाले होते, "सुटता म्हणान सरस बरो." गरम पाण्यात पिळलेले फडके जोडावर धरले की सरस मऊ पडतो आणि फळी अलगद उचलता येते. सात फळ्यांना आठ दिवस लागले. सहा सुटल्या, एक तुटली. तेरावी फासळी कण्यावरून उतरवून नवी केली.

नव्या लाकडाविषयी थोडे. मूळ जहाज सागाचे, तेव्हा प्रतिकृतीही सागाचीच हवी असे कोणालाही वाटेल. किनवटचा साग आमच्या अगदी जवळ आहे. पण सागाचे रंध्र डोळ्याला दिसते. खऱ्या फळीवर ते शोभून दिसते, परंतु अडीच मिलिमीटर रुंदीच्या फळीवर तेच रंध्र शहाण्णव पटीने बोट जाईल असे भोक वाटते. प्रमाणात लाकूड लहान करता येते, त्याचे सूत लहान करता येत नाही. म्हणून बारीक सुताचे लाकूड शोधावे लागते. गावच्या सुताराकडे एका मोडलेल्या जुन्या पेटीची हेदूची फळी पडली होती. हेदू, ज्याला काही लोक हळदू म्हणतात, पिवळसर, एकसारखे आणि शांत लाकूड आहे. सुताराने ती फळी फुकट दिली आणि वर म्हणाला, "गुरुजी, तिफणीचं काम असतं तर पैसे घेतले असते."

फळ्या ठोकण्यासाठी लोखंडी चुका वापरीत नाहीत. बांबूच्या खुंट्या मारतात. टाचणीइतकी जाड बांबूची काडी कशी करावी? सोनार तार बारीक करण्यासाठी भोकाभोकांची पोलादी पट्टी वापरतो, तीतून बांबूची कामटी मोठ्या भोकातून लहान भोकात अशी ओढत नेली की साध्य होते. सोनाराने पट्टी दिली, आणि लाकूड ओढणार म्हटल्यावर लगेच परत मागितली. मग त्यांच्यासमोरच बसून ओढावयाचे ठरले.

दोरांचे खाते घरातून चालते. तीन डोलकाठ्यांच्या जहाजाला दोरांचे जाळे असते आणि त्यांत दहा-बारा जाडींचे दोर लागतात. ज्याचा घेर पंधरा इंच त्या दोराचा व्यास पावणेपाच इंच, तो आमच्याकडे सव्वा मिलिमीटर. आणि सर्वांत बारीक दोर केसापेक्षा थोडा जाड. बाजारचा शिवणाचा दोरा लावला तर त्याला दोराचा पीळ दिसत नाही, तो दोराच दिसतो. तेव्हा तीन पदरी दोर स्वतः वळावा लागतो. पदरांना एका अंगाने पीळ द्यावयाचा आणि तिन्ही एकत्र करताना उलट्या अंगाने. दोन्ही पीळ एकमेकांना सोडू पाहतात आणि म्हणूनच दोर सुटत नाही. अंबाडीचा दोर वळणाऱ्या कोणत्याही शेतकऱ्याला हे ठाऊक आहे. आम्ही यंत्र करावयाच्या खटपटीत होतो. सौभाग्यवतींनी शाळेतली टकळी शोधून काढली आणि एका दुपारी बारा हात दोर वळून दिला. जन्मभर फुलवाती व वस्त्रमाळा केलेली बोटे ती. आमच्या कंपाचा त्यांच्या हाताला स्पर्श नाही. या व्याख्यानात आम्ही आतापर्यंत जो 'आम्ही' म्हणत आलो तो वक्त्याचा शिष्टाचार होता. येथून पुढचा 'आम्ही' खरोखरच अनेकवचनी आहे.

१० जुलै २०२४ ची सकाळ आपणां सर्वांच्या स्मरणात असेल. सव्वासातच्या सुमारास जमीन हादरली. हिंगोली, परभणी, नांदेड, सगळीकडे धक्का जाणवला; तीव्रता ४.५ होती असे नंतर कळले. मार्चमध्ये एकदा झालेच होते, आणि १९९३ चे किल्लारी कोणी विसरलेले नाही. पत्रे वाजले, भांडी पडली, सारी गल्ली रस्त्यावर आली. आम्हीही आलो. मग लक्षात आले की जहाज टेबलावर नुसते ठोकळ्यांत टेकवून ठेवले आहे. आत परत शिरणे हा शुद्ध गाढवपणा होता आणि तो कोणी करू नये. आम्ही शिरलो. जहाज जमिनीवर उजव्या कुशीवर पडले होते. नाळेकडच्या दोन फासळ्या निसटल्या, तीन फळ्या तडकल्या. बाहेर आल्यावर भररस्त्यात आमची जी खरडपट्टी निघाली तिला सर्व शेजार साक्षी आहे. संध्याकाळी तेच हात तडकलेल्या फळ्या मोजीत होते.

त्या दुरुस्तीत वर्ष गेले. आता दोन्ही बाजूंच्या फळ्या पूर्ण झाल्या आहेत, डेक आहे, मुख्य मजल्यावरच्या अठ्ठावीस तोफांपैकी एकोणीस पितळी गजातून वसमतेच्या एका लेथवर करून झाल्या आहेत. लेथवाल्याला पाइपचे सुटे भाग सांगितले होते. तोफा म्हटल्यावर त्याने काम घेतले नसते. डोलकाठ्या उभ्या आहेत, परबाणे अजून नाहीत, शिडे लावणार नाही. कापड प्रमाणात झुलत नाही. जुनी तेरावी फासळी एका डबीत ठेवली आहे. नव्या फासळीवर खूण करावी की न करावी, यावर घरात एकमत झालेले नाही. पेन्सिल त्यांची होती.

जहाज बाजूच्या खोलीत टेबलावर मांडले आहे. ज्यांना पाहावयाचे असेल त्यांनी व्याख्यानानंतर जरूर यावे. मुलांनी हात लावला तरी चालेल. मधल्या डोलकाठीला मात्र लावू नये, काल रात्रीच बसविली आहे आणि सरस अजून ओला आहे.